न खेळला गेलेला सामना

(मानपुर येथील गणेशोत्सवात ज्येष्ठागौरी आवाहनाच्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज घरोघरी गौरी आल्या आहेत. सकाळपासून घरातल्या बायकांना पाय टेकायला उसंत नाही, तरीही इतक्या जणी इथे आल्या, याबद्दल आधी त्यांचेच आभार मानतो.

कार्यकारिणीने पाचव्या दिवसाच्या व्याख्यानासाठी आम्हांला विचारले तेव्हा त्यांच्या मनात विषय होता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा. देवींच्या जन्माला यंदा तीनशे वर्षे झाली. घाट उतरून निमाडात गेले की महेश्वर काही दूर नाही. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीच्या निमित्तानेच या माळव्यात आले. विषय अगदी योग्य होता. पण देवींवर बोलणारे आमच्याहून जाणकार या सभागृहातच बसले आहेत. म्हणून आम्ही म्हटले, आम्ही मुलींच्या फुटबॉलवर बोलतो. थोडा वेळ समोरून काहीच उत्तर आले नाही. मग तात्या म्हणाले, "बोला, पण आरती आठला आहे, एवढे लक्षात ठेवा."

तर आरतीच्या आत आटोपतो.

आम्ही काही खेळाडू नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो, आणि हातात टेप व मेजरमेंट बुक घेऊन रस्ते-नाल्या मोजत पंचेचाळिशी गाठली. त्यामुळे कोणतीही गोष्ट आधी मोजून पाहायची खोड लागली आहे. फुटबॉलच्या मैदानाचे आंतरराष्ट्रीय माप आहे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. गोलचे दोन खांब ७.३२ मीटर अंतरावर, आडवी दांडी जमिनीपासून २.४४ मीटर उंच. चेंडू पाच नंबरचा. खेळ नव्वद मिनिटांचा. ही सगळी मापे बायकांच्या सामन्याला आणि पुरुषांच्या सामन्याला एकच आहेत. मैदान आखूड नाही, गोल लहान नाही, वेळेत सूट नाही. ज्या मुली हा खेळ खेळतात त्यांनी सवलत मागितलेली नाही, हे आधी सांगून ठेवतो.

आता यंदाची गोष्ट. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ५ जुलैला, थायलंडमधल्या चियांग माई शहरात भारताच्या महिला संघाचा थायलंडशी सामना झाला. ही आशियाई चषकाची पात्रता फेरी होती. गटात पाच देश होते आणि पुढे जाणार होता फक्त एक. भारताने मंगोलियाला १३-० असे हरवले, पूर्व तिमोरला ४-०, इराकला ५-०. थायलंडनेही त्याच तिघांना हरवले होते, ११-०, ४-० आणि ७-०. बेरीज करून पाहा. दोन्ही संघांचे गोल बावीस, दोघांनी खाल्लेले गोल शून्य. आमच्यासारख्या हिशेब ठेवणाऱ्या माणसाला असा ताळेबंद आयुष्यात क्वचित पाहायला मिळतो. म्हणजे शेवटचा सामना जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार.

थायलंड २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला देश. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, क्रमवारीतही ते आपल्या बरेच वर. पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने पहिल्या अर्ध्यात लांबून फटका मारून गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. पुढे चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला संगीतानेच दुसरा गोल केला. २-१. क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या या मुली पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात पोहोचल्या. पात्रता फेरीतून भारत त्या चषकात जाण्याची ही पहिलीच वेळ. या ऑगस्टच्या क्रमवारीत भारत सत्तराव्या क्रमांकावरून त्रेसष्टाव्यावर आला. वीस वर्षांखालील मुलींनीही याच महिन्यात म्यानमारला १-० असे हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. फराळाला बसलो असताना आम्ही चार घरांत विचारले, काल फुटबॉलमध्ये काय झाले ठाऊक आहे का? एकाही घरात ठाऊक नव्हते. आमच्या घरातही आम्हांला ते सांगितले कन्येने, इंदूरहून फोन करून. तिच्याविषयी पुढे बोलतो.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की मुलींचा फुटबॉल हे आताचे फॅड आहे. तसे नाही. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर २६ डिसेंबर १९२० रोजी बायकांचा एक सामना झाला. एक संघ होता डिक, कर या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचा. तो पाहायला त्रेपन्न हजार लोक आले होते. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. कारण दिले की हा खेळ बायकांना मानवणारा नाही. ही बंदी उठायला १९७१ उजाडले. पन्नास वर्षांत ज्या मुली खेळल्याच नाहीत त्यांची नोंद कोणत्या बुकात सापडणार? त्याच इंग्लंडच्या मुलींनी गेल्या महिन्यात, २७ जुलैला, स्पेनला हरवून युरोपचा चषक जिंकला. तेव्हा मानवत नव्हते ते कोणाला, हा प्रश्न आहे.

आपल्या देशात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७५ साली लखनौला झाली. पुरुषांच्या संघटनेचे तिकडे लक्ष नव्हते, म्हणून महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. पाच वर्षांत, जानेवारी १९८० मध्ये, केरळात कोझिकोडला आशियाई स्पर्धा भरली. भारताने त्यात दोन संघ उतरवले आणि त्यांतला एक अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे तायवानने, ज्याला खेळात चायनीज तैपेई म्हणतात, आपल्याला २-० असे हरवले. त्या काळच्या खेळाडूंत गोव्याच्या योलांडा डिसोझा होत्या, बंगालच्या शांती मलिक होत्या. १९८३ साली भारत पुन्हा आशियात उपविजेता झाला. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार शांतीताईंना मिळाला. फुटबॉलसाठी अर्जुन मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

म्हणजे आम्ही पाळण्यात होतो तेव्हा आपल्या देशाच्या मुली आशियात दुसऱ्या क्रमांकावर होत्या. १९९१ साली चीनमध्ये बायकांचा पहिला विश्वचषक झाला, तोपर्यंत आपण मागे पडलो होतो. इतर देश पुढे सरकले आणि आपण बसून राहिलो. रस्ता बांधून सोडून दिला, वर्षानुवर्षे डागडुजी केली नाही, की काय होते ते आम्ही रोज पाहतो. तसेच झाले.

आता ज्या सामन्याचे नाव आम्ही या व्याख्यानाला दिले आहे, त्याकडे येतो. तो झाला महाराष्ट्रात. म्हणजे व्हायचा होता.

२०२२ च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई चषकाचे यजमानपद भारताकडे होते आणि सगळे सामने महाराष्ट्रात होते. मुंबईत अंधेरीला, नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर आणि पुण्यात बालेवाडीला. बारा देश आले होते. आपण यजमान, म्हणून पात्रता फेरीशिवाय प्रवेश मिळाला होता. २० जानेवारीला डी. वाय. पाटीलवर इराणशी पहिला सामना झाला. आपल्या मुलींनी संधी खूप निर्माण केल्या, पण इराणच्या गोलरक्षक बाईंनी चेंडू आत जाऊ दिला नाही. ०-० असा बरोबरीत सुटला. पुढचा सामना २३ जानेवारीला तायवानशी होता. तो जिंकला असता तर पुढच्या फेरीची दारे उघडी होती, आणि तिथून पुढे विश्वचषकाची वाट होती.

पण कोरोनाची तिसरी लाट आली होती. तेवीस जणींच्या चमूतल्या बारा जणी बाधित निघाल्या. काही जणी जखमी होत्या. नियम असा होता की सामन्याला निदान तेरा खेळाडू हजर पाहिजेत, अकरा खेळायला आणि दोन राखीव. आपल्याकडे तेरा भरल्या नाहीत. सामना सुरू व्हायच्या थोडे आधी तो होणार नाही असे जाहीर झाले. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले, आणि इराणशी झालेली ती बरोबरीही हिशेबातून पुसली गेली. त्या मुली त्यासाठी कित्येक महिने शिबिरात राहिल्या होत्या. घरच्या मैदानावरून, हरल्याशिवाय, त्या परत गेल्या. ६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने दोन गोलांनी मागे असताना दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवून चषक जिंकला.

चूक कोणाची, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. आम्ही तिच्यात शिरत नाही. आमच्या डोक्यात राहिला तो तेराचा आकडा. त्याच्याकडे परत येऊ.

त्याच वर्षी आणखी एक घडले. १५ ऑगस्टला जागतिक संघटनेने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. कारण कारभाराचे होते, कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांचे होते, खेळाडूंशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्या दिवसांत केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात, ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना खेळू दिले नाही. बाराव्या दिवशी, २६ ऑगस्टला, निलंबन उठले, पण त्यांची स्पर्धा गेली ती गेली. आम्ही शासकीय नोकर आहोत. टेबलावर एक कागद अडला की दूर कुठेतरी एका माणसाचे काय काय अडते, ते आम्हांला कोणी सांगायला नको. कागद पुढे सरकवताना त्या ताश्कंदच्या मुली आठवाव्यात, असे आम्ही स्वतःला सांगत असतो. नेहमी जमते असे नाही.

पुढे ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईला. आपण अमेरिकेकडून ८-० असे हरलो, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. कोणी म्हणेल, त्यात सांगण्यासारखे काय? सांगण्यासारखे हे की त्या संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती कर्णधार झाली म्हणून तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, आणि वर्तमानपत्रांत आले की त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील मजुरी करीत होते. आम्ही रस्त्याच्या कामावर मजूर रोज पाहतो. त्यांच्या घरी कोण मुलगी काय खेळते, हे त्या बातमीआधी आम्ही कधीही कोणाला विचारले नव्हते. आता विचारतो.

आणि झारखंडपर्यंत जायलाही नको. आपल्या शेजारचा धार जिल्हा. तिथल्या सरदारपूरची ज्योती चौहान २०२२ साली क्रोएशियात डिनामो झाग्रेब या क्लबकडून खेळायला गेली. तिथे तिने एका सामन्यात तीन गोल केले. युरोपात हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. सरदारपूरची! आपण लग्नकार्याला जातो त्या बाजूची. आपल्याच प्रदेशात शहडोल जिल्ह्यात विचारपुर नावाचे आदिवासी गाव आहे. तिथे घरोघरी मुले-मुली फुटबॉल खेळतात, लोक त्याला मिनी ब्राझील म्हणतात. २०२३ च्या जुलैत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्या गावाचे नाव घेतले होते. एकेकाळी दारू आणि नशापाण्यासाठी बदनाम असलेले गाव एका प्रशिक्षकाच्या खटपटीने खेळाचे गाव झाले. फुटबॉल आपल्यालाही परका नाही. महूच्या छावणीतल्या फौजींचे सामने पाहायला आपली जुनी मंडळी सायकलीवर जात, हे आपण त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. फक्त आपल्या मुलींना कोणी सायकलीवर मागे बसवून नेले नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय बाकीचे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आमची कन्या आता एकोणीस वर्षांची आहे, इंदूरला शिकते. सातवीपर्यंत ती फुटबॉल खेळत असे. शाळेत मुलींना खो-खो होता, फुटबॉल नव्हता, म्हणून ती आणि तिची एक मैत्रीण संध्याकाळी मुलांबरोबर खेळत. चांगली पळे. डाव्या पायाने मारे. आठवीत गेली तेव्हा आपल्याच ओळखीच्यांपैकी कोणी कोणी म्हणू लागले, आता मोठी झाली, मुलांत खेळणे बरे दिसत नाही. गुडघे फोडून घेईल, उन्हात काळी पडेल, असेही म्हणाले. म्हणणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी आपुलकीने म्हटले. दोष आमचा. आम्ही उभयतांनी एका रात्री बसून ठरवले आणि सकाळी तिला सांगितले की आता पुरे. ती काही बोलली नाही. चेंडू कपाटावर ठेवला. आम्हांला वाटले, किती समजूतदार मुलगी आहे. पोरगी गप्प बसली की आपण तिला समजूतदार म्हणतो.

मग २०२२ च्या जानेवारीत तिने इराणचा सामना टीव्हीवर पाहिला. तीन वर्षांनी आम्ही तिला ओरडताना ऐकले. २३ तारखेला ती अभ्यास लवकर उरकून टीव्हीसमोर बसली. सौभाग्यवतींनी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती ताटलीत घेऊन बसली. आणि कळले की सामना नाही. आम्ही तिची समजूत घालायला म्हटले, "काय करणार बेटा, तेरा खेळाडूच नव्हत्या त्यांच्याकडे."

ती म्हणाली, "त्यांच्याकडे अकरा तरी होत्या, बाबा. आमच्याकडे तर आम्ही दोघीच होतो."

मंडळी, त्या रात्री आम्ही कपाटावरचा चेंडू खाली काढला. त्यातली हवा गेली होती. दुसऱ्या दिवशी महूला नेऊन भरून आणला. पण ती तेव्हा दहावीत होती, परीक्षा डोक्यावर होती, आणि तिच्याबरोबर खेळणारी मैत्रीण बदली होऊन गेलेल्या वडिलांबरोबर दुसऱ्या गावी गेली होती. ज्या वयात पाय घडतो ते वय निघून गेले होते. नवी मुंबईच्या त्या मुलींचा एक सामना कोरोनाने नेला. आमच्या मुलीचे सगळे सामने आम्ही नेले. ती भारताकडून खेळली असती असे आम्ही म्हणत नाही. कदाचित तालुक्यापुढेही गेली नसती. पण ते मैदानाने ठरवायचे होते, आमच्या बैठकीच्या खोलीने नाही.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले त्याकडे येतो.

आपल्या सभागृहामागे पटांगण आहे. आपल्याला ठाऊक आहे की गेल्या वार्षिक सभेत तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायची सोय करण्याचा ठराव चर्चेला आला होता. त्याचे एस्टिमेट करायला आम्हांलाच सांगितले. वैशाखात आम्ही ते केले, फुकट केले, आणि ते अध्यक्षांच्या फाइलीत आहे. मोजताना पटांगण भरले ४२ मीटर बाय २६ मीटर. त्या वेळी फक्त ब्लॉक किती लागतील एवढेच लिहिले. ५ जुलैनंतर पुन्हा तो कागद पाहिला तेव्हा लक्षात आले की पाच-पाच जणांच्या फुटबॉलला ४० बाय २० मीटरचे मैदान पुरते. आपले पटांगण त्यात बरोबर बसते, चहूबाजूंनी एकेक मीटर किंवा जास्तच सोडून.

आमची विनंती अशी. पहिली, तो ठराव यंदा पुढे ढकलावा. गाड्या वर्षातून दहा-बारा दिवस येतात, त्या रस्त्याच्या कडेला लागतात आणि लागतील. ब्लॉक एकदा बसले की तिथे चेंडू खेळता येणार नाही, पडले तर गुडघा फुटेल, आणि मग तो गुडघा दाखवून आपणच म्हणू की बघा, मुलींचा खेळ नव्हे. जमीन सपाट करायला मुरूम आणि रोलर लागेल. त्याचा खर्च ब्लॉकच्या खर्चाच्या किती तरी खाली आहे, तेही एस्टिमेट आम्ही करून आणले आहे.

दुसरी, रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा हा वेळ मुलींचा, असे लिहून ठरवावे. लिहून, कारण जे लिहिलेले नसते ते आधी मुलांच्या क्रिकेटला जाते. मुलांनाही त्याच पटांगणात सकाळ आहे, रविवार आहे.

तिसरी विनंती तेराची. आम्ही मोजले. आपल्या सभासद घरांत दहा ते सोळा वयाच्या मुली आहेत अकरा. सगळ्या आल्या तरी अकराच, आणि सगळ्या येणार नाहीत. म्हणजे फक्त आपल्या घरांवर संघ होत नाही. नवी मुंबईने हेच शिकवले की नुसत्या अकरांच्या भरवशावर मैदानात उतरता येत नाही. आजूबाजूच्या घरांतल्या धरल्या तर पंचवीसच्या वर होतात. त्यांच्या घरी माळवी बोलतात, निमाडी बोलतात, काहींच्या घरी भिली. म्हणून पटांगणाचे फाटक त्यांच्यासाठीही उघडे ठेवावे लागेल. काही ज्येष्ठांना वाटेल की मंडळ मराठी संस्कृतीसाठी आहे. बरोबर आहे. पण आपण या भागात दोनशे वर्षे टिकलो ते शेजाऱ्यांमुळेच टिकलो. आपल्या गणपतीच्या आरतीला ते येतातच. त्यांच्या पोरी आपल्या पोरींबरोबर खेळायला आल्या तर आपली मराठी बुडणार नाही, उलट पास दे, मागे बघ, एवढी मराठी त्या आठवड्यात शिकतील.

शिकवणार कोण, असा प्रश्न येईल. मैत्रिणीविना राहिलेली एक मुलगी शनिवार-रविवारी इंदूरहून घरी येते. तिने होकार दिला आहे. आम्ही तिला सांगितले नव्हते, तिनेच विचारले. आणि मुलींच्या आयांना सांगतो, तुमच्यापैकी एक जण रोज कट्ट्यावर बसायला हवी. कुंकू लावायला येता तशी यायचे. बापांनीही यावे. आम्ही येऊ, ऑफिस सुटल्यावर.

आता शेवटचे. पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक आहे. जुलैच्या शेवटी गट ठरले. आपल्या गटात व्हिएतनाम आहे, २०११ चा विश्वविजेता जपान आहे, आणि तिसरा देश तायवान आहे. १९८० साली ज्याने आपल्याला अंतिम सामन्यात हरवले, आणि २०२२ साली ज्याच्याशी सामना होऊच शकला नाही, तोच. न खेळला गेलेला सामना अखेर खेळला जाणार आहे. जिंकू की हरू, हे आज सांगता येत नाही. जपान आणि व्हिएतनाम दोघेही विश्वचषक खेळलेले आहेत, तेव्हा वाट सोपी नाही. पण त्या मुली मैदानात उतरतील एवढे या वेळी त्यांनी स्वतः कमावले आहे, यजमान म्हणून मिळालेले नाही.

त्या दिवशी आपल्या सभागृहात टीव्ही लावावा, आणि पुढच्या रांगेत आपल्या पटांगणातल्या तेरा मुली बसाव्यात, धुळीच्या पायांनी. हे झाले तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले.

गौरी आज माहेरी आल्या आहेत. उद्या आपण त्यांना पुरणपोळी वाढू, सोळा भाज्या करू, परवा ओटी भरून पाठवू. तीन दिवसांची माहेरवाशीण, तिचे किती कौतुक करतो आपण. ज्या मुली वर्षभर आपल्याच घरात असतात त्यांना दीड तास आणि एक मुरमाचे पटांगण द्यायला काही हरकत नसावी.

आठला पाच मिनिटे कमी आहेत, तात्या. आरतीची तयारी करू या.

गणपती बाप्पा मोरया!